साठीनंतर सायकल घेताय? आधी सीट बघा

अण्णा, गिअरचं नंतर बघू. आधी सीटची उंची. पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. आपल्याकडं बहुतेक जण सीट खाली ठेवतात, मग गुडघे धरले की सायकलीला शिव्या देतात! मीही दोन महिने तेच केलं.

मधला दांडा खाली असलेली, म्हणजे लेडीज सायकल घ्या. लाजू नका. पडणं बऱ्याचदा चढता-उतरताना होतं, अन् या वयात खुब्याचं हाड मोडलं की अवघड.

पहिला महिना सपाट रस्ता, हलका गिअर, वीस मिनिटं. बोलता येईल इतकाच दम लागू द्या. दौलताबादचा घाट कुठं पळून जात नाही. एप्रिल-मे मध्ये सकाळी सातच्या आत घरी. आपलं ऊन माहितीय तुम्हाला. बीपीची गोळी असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा. शेतरस्त्यानं गेलात तर बाभळीचे काटे आहेतच, पंप जवळ ठेवा.

एक मात्र खरं, सायकलीनं दम वाढतो, हाडं फारशी बळकट होत नाहीत. त्यासाठी रोज थोडं चालाच.