बूट पायातलाच, पण नाडीचा संबंध नाही

प्रश्न असा आहे: ‘लॅपटॉप बूट झाला’ यातला बूट पायातलाच का? आणि ‘बूट झाला’ म्हणावं की ‘बूट केला’?

पायातलाच. पण आधी एक चूक खोडून काढू, कारण ती रोज कानावर येते. झाकण उघडलं, पडदा उजळला की लोक सांगतात, ‘माझा लॅपटॉप दोन सेकंदांत बूट होतो.’ अहो, तो झोपेतून उठतो! झाकण मिटल्यावरही रॅमला, म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या मेमरीला, थोडी वीज मिळत राहते, म्हणून उघड्या फायली जागच्या जागी सापडतात. रॅम कोरी असताना यंत्र उभं राहतं, ते बूट. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ‘शट डाउन’ करूनही पुढचं बूट अर्धवटच होतं, कारण सिस्टीमचा गाभा डिस्कवर जपलेला असतो आणि तोच परत उचलला जातो. दुरुस्तीवाला ‘रीस्टार्ट करा’ म्हणतो तेव्हा नुसतं बंद-चालू करून म्हणूनच भागत नाही.

आता व्युत्पत्ती. मूळ शब्द बूटस्ट्रॅप. याला ‘बुटाची नाडी’ म्हणणाऱ्यांनी उंच बूट कधी हातात घेतलेला नाही. नाडी ती लेस. स्ट्रॅप म्हणजे बुटाच्या वरच्या काठाला शिवलेला चामड्याचा फासा. त्यात बोट अडकवून बूट पायात ओढून घ्यायचा. हा फासा धरून स्वतःलाच जमिनीवरून उचलणं, हा एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत अशक्य कामाचा दाखला होता. त्याचं श्रेय बॅरन मुंखाउझेनला, म्हणजे जर्मन गोष्टींतल्या थापाड्या सरदाराला, देणारेही चुकतात. दलदलीतून वर येताना त्याने स्वतःचे केस धरले होते, बूट नव्हे.

संगणकापुढे तोच पेच होता. प्रोग्राम मेमरीत आणायला प्रोग्राम लागतो, आणि मेमरी तर रिकामी. १९५२ च्या आयबीएम ७०१ या संगणकावर ‘लोड’ बटण दाबलं की भोकं पाडलेल्या पंचकार्डावरून किंवा टेपवरून पहिला ३६ बिटांचा ‘शब्द’, म्हणजे यंत्र एका वेळी हाताळतं तेवढा माहितीचा तुकडा, मेमरीत येई. त्याचा डावा अर्धा भाग आज्ञा म्हणून चाले, आणि ती आज्ञा पुढचे शब्द आणी. १९७५ च्या अल्टेअर ८८०० वर हे पहिलं पाऊल माणसालाच टाकावं लागे: दर्शनी पट्टीवरचे खटके वरखाली करून एकेक बाइट भरायचा. आज ते काम मदरबोर्डवरच्या चिपमध्ये कायम साठवलेला यूईएफआय नावाचा प्रोग्राम करतो.

खरी गंमत पुढे आहे. हा दाखला आपल्याकडे फार जुना आहे. ज्ञान स्वतःला जाणू शकतं का, या वादात आपले दार्शनिक म्हणत, नट, म्हणजे कसरती करणारा डोंबारी, कितीही तरबेज असो, तो स्वतःच्याच खांद्यावर चढू शकत नाही. स्वस्कंधारोहण! बूटस्ट्रॅपला याहून चपखल प्रतिशब्द नाही, आणि ‘प्रारंभ करणे’सारखे फिके पर्याय सुचवणाऱ्या परिभाषाकारांना तो का आठवू नये, हे मला खरंच कळत नाही. ‘प्रारंभ’ पंख्याचाही होतो. स्वतःला उचलण्याची कल्पना त्यात कुठे आहे?

राहिलं ‘झाला’ की ‘केला’. व्याकरणाने दोन्ही चालतात. पण बटण दाबणारा फक्त वीज देतो, उचलण्याचं काम यंत्र स्वतःच करतं. म्हणून मी ‘झाला’ म्हणतो.