नक्षीदार साच्यातला केक अख्खा निघावा म्हणून

प्रश्न : लेकीनं अमेरिकेहून फुलाच्या नक्षीचा बंट पॅन, म्हणजे मधे नळी असलेला केकचा साचा, आणलाय. लोणी फासून, मैदा भुरभुरून दोनदा केक केला. दोन्ही वेळा पाकळ्या साच्यातच राहिल्या. नातवाच्या वाढदिवसाला तरी अख्खा निघेल का हो, ताई?
— एक आजी, सांगली

उत्तर : निघेल, आजी. फक्त लोणी बाजूला ठेवा. लोणी कढवताना पातेल्याच्या तळाला बेरी कशी धरते, ते तुम्ही माझ्याहून जास्त वेळा पाहिलं असेल. साच्याच्या खाचांतही तेच होतं. विकतच्या बटरमध्येसुद्धा साधारण 16 टक्के पाणी आणि थोडा दुधाचा अंश असतो. तो अंश साखरेबरोबर भाजला की केक धरून ठेवतो. माझा संत्र्याचा केक असाच अर्धा अडकला होता. साचा खरवडताना तो तांबूस चिकट थर पाहिला आणि बेरीच आठवली. तेव्हापासून मी गाळलेलं साजूक तूपच लावते.

तूप थिजलेलं पण मऊ असावं. पातळ तूप ओघळून तळाशी साचतं आणि कडा कोरड्या राहतात. ब्रशनं एकेका पाकळीच्या खाचेत तूप भरा. मधली नळी विसरू नका, बहुतेकींचा केक तिथंच फाटतो. ती नळी शोभेची नाही, जाड केक मधूनही भाजला जावा म्हणून आहे. 1950 साली अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या डेव्हिड डॅल्क्विस्ट यांनी तिथल्या ज्यू महिलांच्या सांगण्यावरून ओतीव ॲल्युमिनियमचा हा साचा बनवला, तेव्हापासून ती आहे.

मग मैदा भुरभुरून साचा फिरवा आणि उलटा करून ठोका. चॉकलेट केक असेल तर मैद्याऐवजी कोको घ्या, पांढरे डाग पडत नाहीत. हे सगळं मिश्रण ओतायच्या अगदी आधी करा. साचा पाऊणच भरा.

ओव्हनमधून काढल्यावर घड्याळ लावून 10 मिनिटं थांबा. लगेच उलटला तर गरम केक मोडतो, पार गार झाला तर कडेची साखर घट्ट धरते. उशीर झालाच तर सुरी घालू नका, नक्षी जाईल. साचा दोन-तीन मिनिटं कोमट ओव्हनमध्ये ठेवा, मग ताट झाकून उलटा.

आणि साचा तारेच्या घासणीनं घासू नका. कोमट पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशनं खाचा साफ करा. चरा पडला की पुढचा केक नेमका तिथंच अडकतो.