गाडी थांबता थांबता पेडल का थरथरतं?

प्रश्न : माझी 2008 सालची एबीएसवाली (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा असलेली) डिझेल कार आहे. ब्रेक लावला की वेग 10-15 वर आल्यावर पेडल पायाखाली करकरतं आणि गाडी हातभर पुढे सरकते. डिस्क, पॅड नवे टाकले. एबीएसचा दिवा लागत नाही. – एक वाचक, परतूर (जि. जालना)

उत्तर : डिस्कवरचा खर्च बहुधा वाया गेला. वाकडी डिस्क जास्त वेगात स्टिअरिंग हलवते. इथं एबीएस विनाकारण चालू होतंय. कमी वेगात चाकाच्या सेन्सरचा सिग्नल आधीच क्षीण. त्यात तो सिग्नल मध्येच तुटला की कंप्युटरला चाक लॉक झाल्यासारखं वाटतं आणि तो ब्रेकचा दाब सोडतो. बिघाड क्षणभराचा, म्हणून दिवा लागत नाही.

मोकळ्या रस्त्यावर एबीएसचा फ्यूज काढून 15 च्या वेगात ब्रेक लावून पाहा. करकर थांबली तर शंका खरी. फ्यूज लगेच परत बसवा.

मग पुढची चाकं काढा. सेन्सर जिचे दात मोजतो त्या अ‍ॅक्सलवरच्या दातेरी रिंगला चीर आहे का बघा. खाली गंज फुगला की ती तडकते. आपली काळी माती दातांत वाळून दगड होते, ती ब्रशनं काढा. सेन्सरच्या टोकाला चिकटलेला लोखंडी कीस पुसा. सेन्सर अडकला तर हातोडी नको, तो फुटतोच!

जुन्या चुंबकीय सेन्सरचा रोध साधारण 800 ते 2000 ओहम असतो; डाव्या-उजव्यात मोठा फरक नको. रिंग बेअरिंगच्या सीलमध्येच असेल तर ही मोजणी लागू नाही, स्कॅनरवर चारही चाकांचा वेग पाहा.

ब्रेकचा लाल दिवाही लागला तर गाडी चालवू नका.