गावकीने (गावच्या पंचमंडळीने) वाळीत टाकलं तर कायदा काही करतो का?

करतो. रायगड-रत्नागिरीत गावकीचा दंड भरला नाही, लग्न मनाने केलं, एवढ्यावरून कुटुंबं वाळीत पडली आहेत. दुकानात सामान मिळत नाही, शिमग्याची पालखी दार टाळते, मयताला खांदेकरी नसतात. (आणि वाळीत टाकायचा ठराव कधीकधी गावकऱ्यांच्या मुंबईतल्या मंडळात होतो!) महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ चा, अंमल २०१७ पासून. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तक्रार पोलिसांकडे किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे करता येते. खरी अडचण पुराव्याची: ठराव तोंडी असतो, साक्ष द्यायला शेजारी बिचकतो, कारण उद्या त्याचाच नंबर. म्हणून दंडाची पावती, व्हॉट्सॲपवरचे मेसेज, बैठकीची तारीख, हजर माणसांची नावं पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.