दीड वर्षात कॅप्टन करू म्हणतात, पण हे लिहून दिलंय का?

एका आईचं पत्र आलंय, थोडक्यात असं. मुलगी मोठ्या एअरलाइनमध्ये ए३२० या एअरबस जेटवर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, आहे, १९०० तास झालेत. पुढे रांग एवढी की कमांड, म्हणजे कॅप्टनची जागा, कधी मिळेल काही सांगता येत नाही. आता तीन एटीआर, म्हणजे छोटी टर्बोप्रॉप (पंख्यांची) विमानं, असलेल्या एका नव्या छोट्या कंपनीने बोलावलंय, दोन वर्षांत आठ विमानं होणार, दीड वर्षात तुला कॅप्टन करू असं म्हणतात, बाँड तीन वर्षांचा, म्हणजे त्याआधी सोडलं तर पैसे भरायचे. "ती आत्तापासूनच हवेत आहे, तिचे बाबा म्हणतात पक्की नोकरी सोडू नकोस, घरात रोज वाद. सर, काय करावं?"

ताई, ती हवेत आहे यात गैर काही नाही, तिचा धंदाच तो आहे. पण मोठी कंपनी की छोटी हा वाद आधी बाजूला ठेवा, कारण तुमच्या पत्रात मला खटकलं ते वेगळंच. कमांड दीड वर्षात, हे तोंडी. बाँड तीन वर्षांचा, हा लेखी. म्हणजे कंपनीने जे द्यायचंय ते बोलण्यावर आणि मुलीने जे द्यायचंय ते स्टॅम्प पेपरवर. सगळी गोम इथे आहे.

विमान आलं की कॅप्टनची जागा निघाली असं बाहेरून वाटतं, पण तसं होत नाही. एक विमान रोज पहाटेपासून रात्रीपर्यंत उडतं, माणसाला ड्युटीच्या तासांची मर्यादा आहे, सुट्ट्या आहेत, आजारपण आहे, सिम्युलेटर चेक आहेत, म्हणून एका विमानामागे साधारण चार-पाच जोड्या पायलट लागतात. आठ विमानं म्हणजे पस्तीस-चाळीस कॅप्टन. आता यातले जे आतून तयार करायचे त्या प्रत्येकाला डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या, सीटवर बसवून बाजूला ट्रेनिंग कॅप्टन द्यावा लागतो, आणि एका फ्लाइटपुरता नाही, कितीतरी सेक्टर्स. त्याच ट्रेनरकडे नवीन आलेले फर्स्ट ऑफिसरही रांग लावून उभे असतात. छोट्या कंपनीत असे ट्रेनर असतात किती? दोन-तीन, त्यातला एक चीफ पायलट, जो निम्मा वेळ मीटिंगमध्ये असतो. त्यामुळे विमानं कितीही येऊ देत, रांग सरकणार ती ट्रेनरच्या स्पीडने. आणि मॅनेजमेंटला घाई झाली की बाहेरून तयार कॅप्टन उचलतात आणि आतल्यांना सांगतात, पुढच्या बॅचला बघू.

म्हणून मुलीला सांगा, ऑर्डर किती विमानांची आहे हे विचारूच नकोस, तो आकडा सांगायला त्यांना आवडतोच. विचार की आत्ता ट्रेनर किती आहेत, गेल्या वर्षभरात आतले किती जण कॅप्टन झाले, त्यातल्या शेवटच्याला जॉइन झाल्यापासून किती महिने लागले. आणि तिथल्या एखाद्या फर्स्ट ऑफिसरला एकटं गाठून हेच परत विचार. दोन्ही उत्तरं जुळली तर चांगलं.

आता तिच्या बाजूचं. एटीपीएलला, म्हणजे कॅप्टन व्हायला लागणाऱ्या लायसन्सला, किमान १५०० तास लागतात, ते झालेत, परीक्षा आणि लायसन्सचे कागद पूर्ण आहेत का ते पत्रात नाही, नसतील तर आधी ते करा, बाकी चर्चा नंतर. पण १९०० मधले बरेचसे तास एअरबसवरचे असणार, एटीआरवर ती नवखीच. एअरबसची बाजूची छोटी साइडस्टिक सोडून परत योक, म्हणजे समोरचं स्टिअरिंगसारखं हँडल, हातात येणार, ऑटोथ्रस्टची सवय मोडावी लागणार कारण एटीआरला ऑटोथ्रॉटल नाही, पॉवर हातानेच सांभाळायची. छोटे सेक्टर, छोटे रनवे, दिवसाला चार-सहा लँडिंग, आणि जेट ज्या ढगांच्या वरून निघून जातं त्याच ढगांत ही विमानं उडतात, त्यामुळे आयसिंगशी, म्हणजे विमानावर बर्फ धरण्याशी, रोजचा संबंध. हे मला मनापासून आवडतं. टर्बोप्रॉपवर दोन-तीन वर्षं काढलेल्या माणसाचा हात वेगळाच तयार होतो असं माझं मत आहे, जेटवाले मित्र यावर चिडतात, चिडू देत.

पण परतीच्या वाटेचं काय? एटीआर ७२ चं टेकऑफ वजन जास्तीत जास्त २३ टनांच्या आसपास, ए३२० चं ७८ च्या आसपास. मोठ्या कंपन्या थेट कॅप्टन घेताना बहुतेक वेळा त्याच टाइपवरचे, म्हणजे त्याच प्रकारच्या विमानावरचे, कमांडचे तास मागतात. एटीआरची कॅप्टन म्हणून ती परत एअरबसकडे आली तर बऱ्याच ठिकाणी पुन्हा उजव्या सीटवरच बसेल, तेही सिनिऑरिटी लिस्टच्या तळाशी, कारण तिथे जॉइनिंगची तारीख बघतात, बाहेर काय केलं ते नाही. डाव्या सीटवर निर्णय घेण्याचा अनुभव कुठेच वाया जात नाही, इंटरव्ह्यूत तो दिसतो, कमांडच्या अपग्रेडला दिसतो. पण आज सोडलेला सिनिऑरिटी नंबर परत मिळत नाही, बाबांची काळजी तिथे रास्त आहे.

पक्की नोकरी मात्र या धंद्यात कोणाचीच नसते. अमेरिकेतल्या साउथवेस्ट एअरलाइनने १९७१ मध्ये तीन ७३७ वर सुरुवात केली, पुढच्याच वर्षी पैशाची ओढाताण झाली तेव्हा मध्यंतरी घेतलेलं चौथं विमान विकलं पण शेड्युल तेच ठेवलं, गेटवर दहा मिनिटांत विमान परत काढून. पुढेही एकाच टाइपला चिकटून राहिले आणि त्यांचे सुरुवातीचे पायलट कुठल्या कुठे गेले. उलट १९८१ ला सुरू झालेली अमेरिकेचीच पीपल एक्सप्रेस. तिथे पायलटला फ्लाइट मॅनेजर म्हणायचे, उड्डाण नसेल तेव्हा ऑफिसची कामंही करायला लावायचे, कंपनीचे शेअर घ्यायला लावायचे, वाढ अशी की डोळे दिपावेत. १९८५ मध्ये त्यांनी फ्रंटियर ही दुसरी एअरलाइन विकत घेतली, १९८७ मध्ये स्वतःच काँटिनेंटल एअरलाइनमध्ये विलीन झाले. आइसलंडची वॉव एअर लहान एअरबसवरून मोठ्या ए३३० वर गेली आणि २८ मार्च २०१९ ला बंद. एवढ्यावरून नियम काढू नका, पण वाढ कशी होणार ते जरूर विचारा. त्याच टाइपची अजून पाच विमानं ही एक गोष्ट, आणि पुढच्या वर्षी जेट आणतोय ही पूर्ण वेगळी, कारण दुसरा टाइप आला की ट्रेनिंग दुप्पट, रोस्टरचे, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकाचे, दोन तुकडे, आणि आधीच दोन-तीन असलेले ट्रेनर त्यात विभागले जाणार.

मी स्वतः एका छोट्या कंपनीत उजव्या सीटवर होतो. एका दुपारी टर्नअराउंडला फ्युएलची गाडी आली आणि नुसती उभी, पाइप लावेना. ड्रायव्हर म्हणाला ऑफिसातून फोन आल्याशिवाय लावायचा नाही असं सांगितलंय. आमचे कॅप्टन पंखाच्या सावलीत उभे राहून एकामागून एक फोन लावतायत, प्रवासी बसमध्ये ताटकळलेले, मी वर कॉकपिटमध्ये बसून लोडशीटच्या कोपऱ्यात पेनाने चौकोन काढतोय. चाळीस मिनिटांनी फोन आला, पैसे जमा झाले. त्या रात्री आम्ही यावर खूप हसलो. पाच महिन्यांनी कंपनी बंद. मग कळलं की लायसन्स खिशात असून उपयोग नसतो, नव्वद दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग झाली नाहीत की रिसेन्सी, म्हणजे चालू सरावाची अट, तुटते, मग सिम्युलेटर स्वतःच्या खर्चाने, आणि त्याच टाइपचे कंपनीतले सगळे पायलट एकाच आठवड्यात बाजारात उतरलेले.

तर मुलीने तिथल्या पायलटना पगार किती ते नंतर विचारावं, आधी विचारावं कितव्या तारखेला होतो आणि गेल्या सहा महिन्यांत ती तारीख हलली का. आणि एक गोष्ट जी मुलं विचारायला लाजतात, थकवा आलाय म्हणून फ्लाइटला नाही म्हटलं तर काय होतं? पायलट मोजके असले की एक जण आजारी पडला तरी रोस्टर कोलमडतं, मग रोस्टरिंगमधून रात्री फोन येतो, फक्त एवढं एक सेक्टर कर ना. या फोनला नाही म्हणणाऱ्याचं पुढे काय झालं हे तिथल्याच कोणालातरी विचारावं. उत्तर द्यायच्या आधी समोरचा इकडेतिकडे बघायला लागला तर समजून जा.

माझं मत विचारलंत म्हणून सांगतो, आहे तशा कागदावर नाही. जायचं असेल तर बाँडमध्ये तीन गोष्टी बदलून घ्याव्यात. बाँडची रक्कम दर महिन्याला कमी होत जावी, पूर्ण रक्कम शेवटच्या दिवसापर्यंत डोक्यावर नको. पगार ठरावीक दिवसांपेक्षा जास्त थकला किंवा कंपनीने उड्डाणं थांबवली तर बाँड आपोआप संपावा. आणि दोन वर्षांत, तिने चेक पास करूनही, कमांड ट्रेनिंगला बसवलं नाही तर तिला बाँडशिवाय सोडता यावं. दीड म्हणतायत ना, आपण दोन देतोय, सहा महिने त्यांच्या पदरात. यावर ते तयार झाले तर बाबांना मी फोन करतो, जाऊ दे तिला. "असं आम्ही कोणालाच लिहून देत नाही" म्हणाले तर तिने आहे तिथेच राहून तास वाढवावेत, एटीपीएलचं काही राहिलं असेल तर पूर्ण करावं आणि वर्षभराने याच कंपनीत परत विचारावं की आता ट्रेनर किती झाले.

आणि हो, तिच्या आत्ताच्या नोकरीचा नोटीस पिरियड किती आहे? पायलटना तो बऱ्याच ठिकाणी लांबलचक असतो. नवीन कंपनीची जॉइनिंगची तारीख त्यात बसते का ते आजच बघा, आणि नव्या ऑफरवर सही होईपर्यंत जुना राजीनामा द्यायचा नाही, तिला कितीही घाई असली तरी.