घरवेरा आणि म्हाताऱ्यांची काळजी

प्रश्न : मी दांडिया बाजारात राहतो. दरवर्षी खंडेराव मार्केटातल्या महापालिकेच्या कचेरीत जाऊन घरवेरा, म्हणजे घरपट्टी, भरतो. मुलगी इंग्लंडात लेस्टरला असते. तिच्या कौन्सिल टॅक्सच्या, म्हणजे तिथल्या घरपट्टीच्या, बिलात वृद्धांच्या, आजाऱ्यांच्या देखभालीसाठी वेगळी रक्कम लावलेली पाहिली. तिथल्या नगरपालिकेकडे हे काम आलं कसं?
— एक वाचक, बडोदे

उत्तर : बडोद्याला इतकी वर्षं इतिहास शिकवला, पण हा प्रश्न मला फार क्वचित कुणी विचारला. म्हणून मनापासून आनंद झाला. आपल्याकडे नगरपालिका म्हटलं की रस्ता, गटार, दिवाबत्ती. इंग्लंडमध्ये गावोगाव कर बसला तो मुळात गरिबांसाठी.

१६०१ साली, एलिझाबेथ राणीच्या काळात, कायदा झाला की प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीने, आपले गरीब आपणच सांभाळायचे. त्यासाठी दरवर्षी गावातलेच गृहस्थ नेमले जात. पगार नाही. घर-जमिनीवर पट्टी बसवायची, दारोदार वसूल करायची आणि हिशेब लिहायचा. त्या वह्या वाचाव्यात अशा आहेत : कुणा पोराला जोडे, विधवेला आठवड्याचे शिलिंग, आजाऱ्याला सरपण आणि शेवटी त्याचीच शवपेटी. पुढे १७३९ पासून पूल, तुरुंग यांचा जिल्हाखर्चही याच वसुलीतून जाऊ लागला.

पण पैसा गावाचा, म्हणून गरीबही आपल्याच गावचा हवा. १६६२ च्या कायद्याने, वर्षाला १० पौंडांपेक्षा कमी भाड्याच्या घरात उतरलेल्या परक्याला ४० दिवसांच्या आत तक्रार करून माघारी धाडता येई. अनौरस मूल जिथे जन्मेल तिथलं ठरे, म्हणून दिवस भरत आलेल्या अविवाहित बाईला शिवेपलीकडे नेऊन सोडत. १६९७ पासून मदत घेणाऱ्याच्या उजव्या खांद्यावर कापडी ‘पी’ (‘पॉपर’, म्हणजे कंगाल) अक्षर शिवायची सक्ती होती. हे वर्गात सांगताना मला दर वेळी संताप येई, आजही येतो.

१८३४ मध्ये पॅरिशचे गट केले, गरिबांचा कारभार पाहायला निवडून आलेली पालक मंडळं बसवली. धडधाकट माणसाला मदत हवी तर वर्कहाउसमध्ये, म्हणजे गरिबांना ठेवून काम करून घ्यायच्या इमारतीत, यायचं. तिथे नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुलं तिसरीकडे. अँडोव्हरच्या वर्कहाउसात खतासाठी हाडं कुटायचं काम होतं. भुकेली माणसं त्याच हाडांतला मगज चोखून खात, त्यावरून भांडत. १८४५ मध्ये हे बाहेर आलं आणि संसदेत चौकशी झाली.

१८८८ मध्ये जिल्ह्यांना निवडून आलेल्या कौन्सिल, म्हणजे स्थानिक कारभार पाहणाऱ्या सभा, मिळाल्या. पालक मंडळं मात्र १९३० पर्यंत टिकली. १९२९ च्या कायद्याने त्यांचं काम या कौन्सिलांकडे आणि मोठ्या शहरांच्या कौन्सिलांकडे गेलं. तुमच्या प्रश्नाचा धागा इथे जुळतो. १९४८ मध्ये जुना गरीब-कायदा रद्द झाला तेव्हा रोख मदत केंद्र सरकारने घेतली, पण निराधार वृद्धांच्या निवासाची जबाबदारी कौन्सिलांकडेच ठेवली. पुढे सरकारी अनुदान आटलं आणि २०१६ पासून देखभालीसाठी जादा कर लावायची मुभा त्यांना मिळाली. मुलीच्या बिलातली रक्कम ती हीच.

तिला सवड झाली तर तिथल्या अभिलेखागारात जाऊन जुन्या पॅरिशच्या हिशेबवह्या मागायला सांगा. त्या वाचकांना पाहायला मिळतात.