मॉडेल ए फोर्डला जास्त कॉम्प्रेशनचं हेड: ५.५ घ्यावं की ६.५?

तुमची गाडी १९३० ची मॉडेल ए फोर्ड. आधीच्या मालकाच्या म्हणण्याप्रमाणे इंजिन कधी खोललेलं नाही. चढावर गाडीला दम लागतो, म्हणून ५.५ कॉम्प्रेशनचं हेड (सिलिंडरवरचं झाकण; ५.५ म्हणजे मिश्रण साडेपाच पटीने दाबलं जातं) घ्यावं की थेट ६.५ चं, असं तुम्ही विचारलं आहे. माझं उत्तर ५.५, आणि तेही तळाची बेअरिंग्ज तपासल्याशिवाय नाही.

अशा चर्चेत बहुतेक जण आधी पेट्रोलची काळजी करतात. ती सोडून द्या. कारखान्यातून ही गाडी ४.२२ कॉम्प्रेशनने आली, कारण त्या काळचं पेट्रोल हलक्या प्रतीचं होतं. आजचं साधं पेट्रोल ६.५ सुद्धा सहज पचवतं. अडतं ते खाली. या इंजिनाला मेन बेअरिंग्ज (क्रँकशाफ्टला धरणारी) तीनच, तीही ओतीव बॅबिटची, म्हणजे मऊ मिश्रधातूची. क्रँकशाफ्टला काउंटरवेट, म्हणजे तोल सांभाळणारी वजनं, नाहीत. तेलाचा पंप आहे, पण तो तेल फक्त वर व्हॉल्व्हच्या कप्प्यापर्यंत नेतो. तिथून ते आपल्या वजनाने मेन बेअरिंगमध्ये उतरतं, आणि कनेक्टिंग रॉड खालच्या पन्हाळीतलं तेल उडवून आपापलं भागवतात. दाबाने तेल कुठेच पोचत नाही.

आता थोडा हिशोब. पुस्तकातल्या ऑटो सायकलच्या (पेट्रोल इंजिनाच्या आदर्श चक्राच्या) सूत्राने कार्यक्षमता ४.२२ ला साधारण ४४ टक्के येते, ५.५ ला ४९ आणि ६.५ ला ५३. प्रत्यक्ष इंजिन याच्या जवळपासही जात नाही, पण तुलनेला हे आकडे पुरतात: पहिल्या पायरीला सुमारे १३ टक्के फायदा, पुढच्या पायरीला त्यावर जेमतेम ७. पिस्टनवरचा कमाल दाब मात्र ढोबळमानाने कॉम्प्रेशनच्या प्रमाणातच चढतो, म्हणजे मूळच्या मानाने ५.५ ला ३० टक्के जास्त आणि ६.५ ला ५४ टक्के. बॅबिटला मार बसतो तो या दाबाचा.

हे मी शहाणपणाने शिकलो नाही. आधी ६.५ चंच बसवलं होतं. गाडी अशी ओढायला लागली की चढावरही टॉप गिअर सोडवेना. इंजिन रडतखडत फिरतंय, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि मी खुशीत. काही महिन्यांनी खालून जड ठकठक सुरू झाली. उघडलं तर मधल्या मेन बेअरिंगचं बॅबिट तडकून सुटलेलं. दोष हेडचा जेवढा, तेवढाच माझ्या पायाचा.

म्हणून हेड मागवण्याआधी खालचं तेलाचं पॅन उतरवून बेअरिंगचा क्लिअरन्स, म्हणजे फट, मोजा. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन बघा, आधी कोरडं, मग चमचाभर तेल टाकून. तेलाने आकडा वर आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. तसं असेल तर चढावरचा दम हेडने भरून निघणार नाही. जुनं हेड निघालं की व्हॉल्व्ह सीट आणि सिलिंडर यांच्या मधली जागा घासून स्वच्छ करा आणि भिंगाने पाहा. या ब्लॉकला तडे तिथेच जातात.

जुनंच हेड घासून काम भागवू नका. ५.५ साठी दर सिलिंडरमागे चेंबर सुमारे २५५ घनसेंटिमीटरवरून १८२ वर आणावं लागतं. सरसकट घासलं तर व्हॉल्व्हवरची जागाही कमी होते आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. व्हॉल्व्ह बाजूला असलेल्या इंजिनात मिश्रण व्हॉल्व्हवरून आडवं सिलिंडरकडे जातं. ती वाट मोकळी हवी. चेंबर व्हॉल्व्हच्या अंगाला आणि पिस्टनच्या लांबच्या बाजूला हेड अगदी जवळ, ही ब्रिटिश इंजिनतज्ज्ञ हॅरी रिकार्डो यांची युक्ती. त्याने मिश्रण घुसळून निघतं आणि लवकर जळतं. नवं हेड उलटं करून हा आकार आधी बघा, छापलेला आकडा नंतर.

ओतीव लोखंड की अ‍ॅल्युमिनियम? मी लोखंड घेतलं. अ‍ॅल्युमिनियम हलकं आणि देखणं असतं, पण लोखंडी ब्लॉकबरोबर नुसत्या पाण्यात ते गंजून खाल्लं जातं, आणि पुढे स्टडवर (हेड धरणाऱ्या बोल्टांवर) असं जाम बसतं की काढताना रडवतं. घ्यायचंच तर गंजरोधक कूलंट कायम ठेवा. लोखंडी हेडचे नट मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने ५५ फूट-पाउंडापर्यंत आवळा. इंजिन तापवून पुन्हा आवळा, आणि थोडं चालवून आणखी एकदा. अ‍ॅल्युमिनियमचे मात्र थंड झाल्यावरच, कारण ते तापलं की स्टडपेक्षा जास्त फुगतं आणि तेव्हाचा आकडा फसवा असतो.

इंजिन जास्त तापेल ही भीती मात्र फुकाची. टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, बरोबर असेल तर उष्णता जास्त कामी लागते, एक्झॉस्ट उलट थोडा थंड होतो. बिघडतं ते डाव्या हाताच्या स्पार्कच्या दांड्यामुळे: तो खाली ओढला की ठिणगी लवकर पडते, वर नेला की उशिरा. मिश्रण आता लवकर जळतं, म्हणून पूर्वीसारखा दांडा पूर्ण खाली ओढायची गरज नाही. चढावर वेग पडला की दोन-तीन खाचा वर घ्या आणि वेळेवर गिअर उतरवा. हँडल मारून चालू करत असाल तर दांडा पूर्ण वर असल्याची दोनदा खात्री करा. वाढलेल्या कॉम्प्रेशनवर हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडतं.

जुनं हेड तेल लावून जपून ठेवा. पुढे गाडी विकलीत तर घेणारा सगळ्यात आधी तेच मागेल.